उजवी बाजू वर

लतिका मूळची नागपूरची, आता फ्रीमाँटमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचाच पगार घेते. तिच्या नजरेतून काही सुटत नाही, हे तिची मैत्रीण म्हणून मी आधीच सांगून ठेवते.

तिचा नवरा प्रल्हाद गेला, त्या वर्षी आमच्या मराठी मंडळातल्या पद्मिनीने संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. लतिकाने सवयीने करंडा उचलला, तर पद्मिनीने वीस बायकांदेखत तो तिच्या हातून काढून घेतला. "तू नको गं, शुभकार्य आहे. आत चहाचं बघतेस?" एरवी ही बाई ऑफिसात समानतेवर भाषणं ठोकते! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मीही गप्पच बसले. त्याची लाज अजून वाटते.

लतिकाने मंडळ सोडलं. शेजारच्या मिचिको आजींकडे दर शनिवारी किमोनो नेसवायला शिकू लागली. साडीत कंबर दिसायला हवी. किमोनोत कंबरेला टॉवेल गुंडाळून सपाट करायचं. आणि डावी बाजू कायम वर. उजवी वर घेतात ती फक्त प्रेताला नेसवताना.

पाच वर्षांनी पद्मिनीचा फोन आला. तिचा नवरा जपानी. लेक इशिता वीस वर्षांची झालेली, आणि जानेवारीत जपानी कम्युनिटी हॉलमध्ये सज्ञान झालेल्या मुलांचा समारंभ. सासू ओसाकाहून लांब बाह्यांचा किमोनो घेऊन आली होती, पण तिचे हात थरथरतात. "प्लीज लतिका, नेसवशील ना?" गरज पडली की विधवेचे हात चालतात!

लतिका हॉलवर गेली. किमोनोच्या दोऱ्या हातात द्यायला मी सोबत होते. तासाभरात तिने इशिताला असं नेसवलं की पोरगी आरशापुढून हलेना. पद्मिनी म्हणाली, "माझा किमोनो मीच नेसते. नऊवारी नेसते मी, त्यात काय एवढं!" आणि साडीच्या सवयीने उजवीकडचं टोक डावीच्या वरून ओढून नेलं.

मी तोंड उघडणार, तोच लतिकाने माझा हात घट्ट दाबला.

पद्मिनी स्टेजवर गेली, मधोमध उभी राहून फोटो काढून घेतले. मग सासूचं लक्ष गेलं. म्हातारीने तोंडावर हात ठेवला आणि सुनेला बाहीला धरून रेस्टरूममध्ये नेलं.

पद्मिनी परतली ती लालबुंद होऊन. "तुला दिसलं होतं ना? मला डेड बॉडीसारखं फिरू दिलंस! एक शब्द बोलता नाही आला?"

लतिका उरलेले टॉवेल घडी करत होती. "शुभकार्य होतं. मी कशी बोलणार?"

इशिता गोंधळली. "आई, व्हॉट डज शी मीन?"

पद्मिनी बाही नीट करू लागली. मग मीच सांगितलं. इंग्रजीत, सावकाश, करंड्यापासून सगळं.