जावक अण्णा आणि डॉट इन

आलेला प्रत्येक ई-मेल अण्णा छापून घेत, कोपऱ्यात आवक क्रमांक टाकत आणि मगच वाचत. सरकारी कचेरीत आयुष्यभर आवक-जावक टेबलावर कारकुनी केलेला हा माणूस निवृत्तीनंतर धारवाडशेजारच्या केशवापुरातल्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात येऊन बसे. त्यांचं खरं नाव तिथं कुणी घेत नसे. जावक अण्णा म्हटलं की सगळ्यांना कळे, त्यांनाही.

धारवाडातलं एक जुनं मराठी वाचनालय वाचकांअभावी बंद पडलं, तेव्हा पुस्तकं रद्दीत जाऊ नयेत म्हणून अण्णांनी ती ओळखीच्या घरांत वाटून ठेवली होती. कुठलं पुस्तक रायापुरात कुणाकडे, कुठलं दुर्गदबैलातल्या कुठल्या कापडवाल्याच्या माडीवर, याची यादी फक्त त्यांच्याकडे होती. ती इंटरनेटवर ठेवली की इमारतीशिवायही वाचनालय चालू राहील, असं त्यांच्या मनात होतं.

वेबसाइटचा पत्ता मात्र डॉट इनच हवा. मी सांगायचो, डॉट कॉम संध्याकाळपर्यंत मिळवून देतो. ते म्हणत, "कॉम कुणाचंही असतं रे. आपल्या देशाचं दप्तर असताना नोंद दुसरीकडे कशाला?" नव्वदच्या दशकात डॉट इन सहज मिळत नसे. नोंदणी झालेली संस्था लागे, लेटरहेडवर अर्ज लागे. वाचनालयाची संस्था तर मोडलेली. त्यांचा अर्ज दोनदा परत आला. मी चिडलो, आणि हे खूश. "बघितलंस? कुणालाही देत नाहीत. दप्तर चोख आहे."

दोन हजार पाच साली नियम सैल झाले. आधी ट्रेडमार्कवाल्यांना संधी, मग जो पहिला येईल त्याला. त्या सकाळी मी दुकान उघडायच्या आधीच अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून पायरीवर बसलेले. नाव मिळालं. "आता मी गेलो तरी यादी सापडेल," म्हणाले. पुढची काही वर्षं खरोखरच फोन येत. बेळगावहून एक बाई वडिलांची सही असलेलं पुस्तक शोधत आल्या. ते ज्या घरी होतं तिथं अण्णा त्यांना रिक्षातून घेऊन गेले.

आता माझं सांगतो. आम्ही धंदेवाले गिऱ्हाइकांच्या अर्जात आमचाच ई-मेल घालत असू. गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाऊ नये, एवढाच हेतू. मग मी इंटरनेटचं कनेक्शन बदललं, तो ई-मेल बंद पडला, आणि जुन्या नोंदी दुरुस्त करायचा मी कंटाळा केला. नूतनीकरणाच्या सूचना मला मिळाल्याच नाहीत. मुदत टळली आणि कुणा परक्यानं ते नाव उचललं. एके दिवशी अण्णांनी यादी उघडली, तर समोर रमीची जाहिरात.

"काय झालं रे हे?"

मी म्हणालो, दिल्लीच्या नोंदणी कार्यालयानं नाव रद्द केलं.

खरं सांगायला नंतर कितीतरी दिवस होते. मी सांगितलं नाही. अण्णा वर्षभर दिल्लीला अर्ज लिहीत राहिले, माझ्याच दुकानात बसून. "आपल्या कार्यालयाकडून अनवधान झाले असावे," यापलीकडे कडक शब्द त्यांना लिहवत नसे. मी टायपिंग तपासून देत असे.

शेवटी उत्तर आलं. नोंदवलेल्या ई-मेलवर वारंवार कळवले, प्रतिसाद नाही, नाव आता दुसऱ्याकडे आहे. खाली तो ई-मेल छापलेला होता, माझ्या दुकानाच्या नावासकट. अण्णांनी कागद माझ्यापुढे ठेवला. मी तोंड उघडणार, तोच म्हणाले, "मी त्यांना उगाच दोष दिला. माफीचं पत्र घालायला हवं. घे लिहून."

त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं. चूक अर्जदाराची होती, असं वाक्य आलं तेव्हा माझा हात थांबला. अण्णा, इथं माझं नाव घाला, मी म्हणालो.

"इरली बिडो," ते म्हणाले. असू दे, सोड. "अर्ज माझा होता."

त्यांनी सही केली, मी पत्र पोस्टात टाकलं. अण्णा पुन्हा दुकानात आले नाहीत. मीही त्यांच्या घरी गेलो नाही. ते वारल्याचं मला आठवड्यानं कळलं. पुस्तकं ठेवलेल्या त्या घरांतून आता दुसरी माणसं राहतात. मी काही ठिकाणी विचारून पाहिलं. पुस्तकं रद्दीत गेली होती. दिल्लीतल्या कुठल्यातरी फायलीत अण्णांची माफी मात्र असेल. तिच्यात माझं नाव नाही.