मरायला कुणी तयार नाही

मी इतिहासातल्या लढायांची चित्रं काढतो. लढाया जुन्या, चेहरे मात्र सगळे आमच्या गल्लीतले. शेजारचा यंत्रमागावरचा कामगार माझ्या चित्रात कायम सरदार असतो. मिशा अशा झोकदार, की त्याला साधा शिपाई करायची माझी छाती होत नाही. समोरचा दूधवाला घोडेस्वार. घोडा म्हणजे माझं स्टूल.

वळसंगच्या समाजमंदिरासाठी मोठं चित्र करायचं ठरलं आणि पंचाईत झाली. मधोमध एक मरून पडलेला मावळा हवा होता, आणि मरायला कुणी तयार होईना. सरदार म्हणाला, "माझं लग्न जमायलंय, आत्ताच मला कशाला मारता?" दूधवाल्यानं तर ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शेवटी वैतागून मीच चादर अंथरून आडवा झालो. बायको मोबाईलवर फोटो काढत होती. "तोंड मिटा की! मेलेला माणूस बडबडतो व्हय?" असं म्हणत खदाखदा हसत होती.

चित्र झकास उतरलं. स्वतःचं कौतुक करू नये म्हणतात, पण मी करतो. त्या मावळ्याला मीच दोन्ही हात जोडले. मोठ्या तोऱ्यात बायकोला हाक मारली. ती आली, बघितलं, आणि तशीच आत गेली. जेवताना म्हणाली, "त्याला उठवा."

"अगं, सगळं चित्र त्याच्यावर उभं आहे!"

"असू दे. दवाखान्यात तुमी असंच पडला होता. काचेतनं बघत बसले होते मी. आता तेच भिंतीवर टांगायचं व्हय?"

मी भडकलो. तुला चित्रातलं काय कळतं, इथपर्यंत गेलो. ती भांडी आपटत राहिली. आपटणं थांबलं तेव्हा मात्र मी घाबरलो. जाऊन बघतो तर नळ तसाच चालू आणि ही पदरानं डोळे पुसतेय. मग कसली कला घेऊन बसता! मुकाट ब्रश उचलला, मावळ्याचे डोळे उघडले, त्याला कोपरावर टेकवून बसता केला. लढाईचा पार विचका झाला. एवढी धुमश्चक्री, आणि मेलं कुणीच नाही.

चित्र लावलं त्या दिवशी वळसंगला ही पण आली होती. एका म्हातारबाबांनी मावळ्याकडे बोट दाखवून मला विचारलं, "ह्यो वाचला का मग?"

मी खुलासा करायला तोंड उघडलं, तेवढ्यात हीच पुढे झाली.

"व्हय तर! घरी आला की."