रुवैसचं हरीण

आमच्या घरात शिकार व्हायची ती शुक्रवारी सकाळी, फोनवर. त्या दिवशी फोनचे दर कमी असत. यांचे थोरले भाऊ जव्हारकडच्या त्यांच्या गावातून निघून एसटीडी बूथच्या बाकावर येऊन बसलेले असत आणि हे आखातातल्या रुवैसहून त्या बूथवर फोन लावत. कोण कसं आहे, भात किती झालं, हे दोन मिनिटांत उरकायचं आणि मग दोघे भाऊ रानात शिरायचे. मी ओट्याशी पोळ्या लाटत असायचे. माझ्या पाठीमागे सोफ्यावर पाय दुमडून बसलेला माझा नवरा लिवाच्या वाळवंटात तिरकामठ्याने ससे मारत असायचा.

यांनी लिवाच्या वाळवंटात ससा सोडा, झुरळसुद्धा मारलेलं नव्हतं. घरात झुरळ निघालं तरी हाक मलाच यायची.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. रुवैस म्हणजे तेव्हा रिफायनरी, तिची धुराडी, आमची कॉलनी, एक सुपरमार्केट आणि चहूकडे वाळू. हे रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर होते. दिवसभर गेज आणि व्हॉल्व्ह. माझं माहेर डोंबिवलीचं, त्यामुळे शिकार म्हणजे उंदराचा पिंजरा लावणं एवढीच माझी समज. पण लग्न झाल्यापासून यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं की यांच्या गावचं रान मला न बघता पाठ झालं होतं. भात कापून झालं की पाच-सहा घरचे गडी निघत. निम्मे हाकारे घालत, निम्मे तिरकामठा घेऊन दबा धरत. कामठा बांबूचा आणि त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच सालीची. सासऱ्यांचा नियम कडक होता. झोपलेल्या, पाणी पिणाऱ्या किंवा पिलाला पाजणाऱ्या जनावरावर तीर सोडायचा नाही. त्याला आपली चाहूल लागली पाहिजे, पळायची संधी मिळाली पाहिजे. यांनी पहिला ससा मारला तेव्हा दादा, म्हणजे माझे हे भाऊजी, मागे उभे होते आणि त्यांचा हात यांच्या हातावर होता. तीर नक्की कोणी सोडला हे दोघांनाही सांगता येत नसे. त्या सशाचं सांगताना यांचा आवाज मऊ व्हायचा. मलाही ते ऐकायला आवडायचं, पहिली दहा-बारा वेळा.

फोनवरच्या थापा आम्ही इथे आलो त्या पहिल्याच वर्षी सुरू झाल्या. दादांनी विचारलं, तिकडे रान आहे का? हे म्हणाले, आहे ना, वाळूचं आहे. शिकार? आहे की. तिथे 'नाही' म्हणून मोकळं व्हायचं की नाही माणसाने? पण नाही. सशामागून ससा पडत गेला आणि तिसऱ्या वर्षी हे हरणावर गेले. पलीकडून दादाही मागे राहत नसत. ते रानडुकराचं सांगायचे. बूथवाला आणि रांगेतले लोक कान देऊन ऐकत असणार, त्यामुळे त्यांनाही चेव येत असेल. मी एकदा यांना म्हटलं, "अहो, इथे हरणाला हात लावला तर जेल आहे. व्हिसा कॅन्सल करून घरी पाठवतील. आणि तुम्ही फोनवर खुशाल हरणं मारताय." तर म्हणाले, फोनवरच्या हरणासाठी कोणी पकडत नाही.

मग एका हिवाळ्यात भाऊजींनी कळवलं की ते महिनाभर येताहेत. म्हणाले, एकदा तुझं रान बघू दे.

यांचा चेहरा पडला तो पडलाच. मी म्हटलं, सांगून टाका आता खरं काय ते, सख्खा भाऊ आहे, फासावर देणार नाही. तेव्हा पहिल्यांदा हे मनातलं बोलले. गावातून शिकायला बाहेर पडलेले हे एकटेच. गावी गेलं की बायका विचारतात, याला आता भाकरी चालते का? जमिनीचा विषय निघाला की सगळे गप्प होतात, पाहुण्यासमोर व्हावेत तसे. "दादा एकटाच माझ्याशी पूर्वीसारखा बोलतो," हे म्हणाले, "आणि तेही शिकारीमुळे. ते गेलं तर त्याच्या लेखी मी परका झालो." मला वाईट वाटलं. पण रागही आला, कारण यावर उपाय म्हणून या माणसाने काय ठरवलं असेल, तर काहीच नाही. विमानतळावरून येताना गाडीत सांगतो म्हणाले.

विमानतळावर भाऊजी आले ते गोधडीत गुंडाळलेली काठीसारखी वस्तू घेऊन. यांचाच जुना कामठा होता. कस्टमवाल्याने तो उलटा-सुलटा करून पाहिला, हे म्हणाले, "डेकोरेशन, हबीबी." त्याने दोरी ओढून पाहिली, हसला आणि "यल्ला, यल्ला" करून सोडलं. तिरांची पाती भाऊजींनी गावीच काढून ठेवली होती. इथे लोहार असेलच, म्हणाले. तिथून रुवैसपर्यंत दोन तासांहून जास्त सरळसोट रस्ता. मागच्या सीटवरून मी चार वेळा खोकले. हे रस्त्यालगतच्या खजुरांबद्दल माहिती देत राहिले.

पुढचे आठ-दहा दिवस माझ्या डोक्याला जो ताप झाला तो विचारू नका. भाऊजी रोज सकाळी बाल्कनीत उभे राहून विचारायचे, कधी निघायचं? आज वारा आहे, उद्या ड्यूटी आहे, असं करत हे दिवस ढकलत होते. कामठा हॉलमध्ये टीव्हीशेजारी. आमची मुलगी तेव्हा चौथीत होती, ती मला विचारायची, "मम्मी, इज काका अ हंटर ऑर व्हॉट?" मी म्हणायचे, तुझ्या बाबांना विचार, ते पण आहेत. शेवटी मला धास्ती बसली की लाजेकाजेस्तव हे खरोखरच वाळवंटात जाऊन एखाद्या जिवावर तीर सोडतील आणि आम्ही सगळे सामानासकट डोंबिवलीला परत जाऊ. मी स्पष्ट सांगितलं, जिवंत काहीही मारलंत तर मी आधी निघाले.

तेव्हा शेजारच्या ब्लॉकमधले यांचे मित्र मदतीला धावले. नागपूरचे, पजेरोवाले, उत्साही माणूस. "वहिनी, टेन्शन नका घेऊ ना," ते म्हणाले. "मुसफ्फाच्या इंडस्ट्रियल एरियात आपला सोफेवाला आहे. फोमचं हरीण बनवून घेतो. लांबून काय समजते? दादा खूश, तुम्ही खूश, खलास."

मी म्हटलं, यापेक्षा खरं सांगणं सोपं नाही का? दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी वेडगळ बोलत होते.

हरीण आलं. तपकिरी रेक्झिनचं, आत सोफ्याचा फोम, डोळ्यांच्या जागी कोटाची काळी बटणं. तोंडावळा थोडा म्हशीकडे झुकणारा. शिंगं त्या मित्रांनी वेल्डिंगच्या सळ्यांची करून घेतली होती. तिरांना पातीही मुसफ्फातच बसवून आणली होती. एवढी सगळी धावपळ या माणसांनी कंपनीच्या कामात कधी केली असेल असं मला वाटत नाही.

शुक्रवारी दुपारी हे दोघे आधीच जाऊन हरीण ठेवून आले. परत आल्यावर हे मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाले की वाळूत त्याचे पाय टिकेनात, सारखं तोंडावर पडायला लागलं, म्हणून घाफच्या झाडाखाली बसवून ठेवलंय, मान खाली घालून, झोपल्यासारखं. त्या क्षणी माझ्याही डोक्यात काही आलं नाही. चहाचा थर्मास, चिवडा, सतरंजी घेऊन मी निघाले. मुलीला मैत्रिणीकडे सोडलं.

पजेरो थांबली. भाऊजी उतरले, वाकून वाळूकडे बघितलं, कामठ्याला दोरी चढवली आणि आम्हाला एका झुडपाआड बसवलं. साठीचा माणूस, पण चालला तर वाळू वाजली नाही. शंभरेक पावलांवर झाडाखाली ते तपकिरी धूड पडलेलं. भाऊजींनी तीर लावला. हे श्वास रोखून बसले. आणि मग काहीच झालं नाही.

भाऊजी बघत बसले. आम्ही बघत बसलो. चहा निवला. मला मुंग्या यायला लागल्या, पायाला आणि डोक्यालाही. मी यांच्या कानाशी कुजबुजले, सोडत का नाहीत? हे हळूच म्हणाले, "झोपलंय ना ते."

सासऱ्यांचा नियम. जनावर उठल्याशिवाय तीर सुटणार नव्हता आणि फोमचं हरीण काही उठणार नव्हतं. हे माझ्या नवऱ्याला ठाऊक होतं, लहानपणापासून ठाऊक होतं, आणि तरी त्याने ते निजवून ठेवलं होतं. नागपूरकरांनी एक खडा मारून पाहिला. तो हरणाच्या पोटावर आपटून परत आला. भाऊजींनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा पुढे पाहिलं. ऊन उतरायला लागलं. हे दर थोड्या वेळाने तोंड उघडायचे, "दादा" म्हणायचे आणि भाऊजींनी "काय रे?" केलं की "काही नाही, पाणी हवंय का?" म्हणायचे. तीनदा पाणी विचारून झालं. चौथ्यांदा यांनी तोंड उघडलं तेव्हा माझा तोल सुटला. मी साडी झटकून उभी राहिले.

"भाऊजी, ते उठणार नाही. फोमचं आहे."

यांनी डोळे मिटून घेतले. भाऊजींनी तीर शांतपणे दोरीवरून काढला. "गाडीतून उतरलो तेव्हाच कळलं," ते म्हणाले. "वाळूत खुराची एक खूण नाही. बुटांच्या आहेत. जाताना खोल, येताना उथळ."

"मग एवढा वेळ बसून कशाला राहिलात?"

"हा सांगेल म्हणून."

मग एकदाचे हे बोलले. खाली वाळूकडे बघत बोलले. "दादा, मी इथे एकदाही तीर सोडलेला नाही. ससा नाही, हरीण नाही. सगळं खोटं होतं."

"मग सांगायचास कशाला?"

"तू विचारायचास."

"मी दुसरं काय विचारणार होतो?" भाऊजी म्हणाले. "तुझ्या कारखान्यातलं मला काय कळतं?"

मला राहवलं नाही, मी विचारलं, आणि तुम्ही दिवाळीत फोनवर सांगितलेलं ते रानडुक्कर? भाऊजी कामठ्याची दोरी उतरवत होते. त्यांनी वर बघितलं नाही. म्हणाले, रान बंद होऊन वर्षं झाली, फॉरेस्टवाले काठीसुद्धा नेऊ देत नाहीत. ते डुक्कर बाबांच्या वेळचं. सगळीच बाबांच्या वेळची.

म्हणजे इतकी वर्षं, दर शुक्रवारी, घोड्याएवढे दोन बाप्ये एकमेकांना थापा मारत होते आणि मी त्यावर पोळ्या लाटत होते. मला इतका संताप आला की हसूसुद्धा येईना. नागपूरकर म्हणाले, दादा, एवढं आणलंय तर एक तीर मारा तरी. भाऊजींनी हरणाकडे बघून मान हलवली. "झोपलंय," म्हणाले.

भाऊजी महिना पुरा करून गेले. वाईट काही बोलणं झालं नाही, खरं तर फारसं काहीच बोलणं झालं नाही. दोघे बाल्कनीत बसायचे, बाहेर बघायचे. कामठा ते इथेच ठेवून गेले. विमानतळावर यांनी वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि घाईघाईने पुढे गेले. परतीच्या रस्त्यात यांनी खजुरांकडे बघितलंसुद्धा नाही. मी मनात म्हटलं, खरं बोलायला लावून मीच यांचा भाऊ तोडला की काय.

पुढच्या शुक्रवारी फोन दोन मिनिटांत संपला. तब्येत, भात, ठेवतो. त्याच्या पुढच्या शुक्रवारी दीड मिनिट. हे रिसीव्हर ठेवून तसेच सोफ्यावर बसून राहायचे. मी म्हणायचे, अहो, तुमच्या व्हॉल्व्हचं सांगा काहीतरी. एकदा खरंच सांगायला गेले. प्रेशर, सेन्सर, अलार्म. पलीकडून "हं, हं" येत असणार, कारण थोड्या वेळाने हेच थांबले.

त्यानंतरच्या एका शुक्रवारी असंच तब्येत आणि भात झालं आणि मध्येच सगळं शांत झालं. फोन कापला की काय म्हणून मी मागे वळून बघितलं. हे रिसीव्हर कानाला धरून भिंतीवरच्या कामठ्याकडे बघत होते. मग यांनी घसा साफ केला.

"दादा, काल लिवाला गेलो होतो. हरीण दिसलं. उभं होतं."

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. पलीकडे काय विचारलं कोण जाणे. हे म्हणाले, वारा उत्तरेचा. मग म्हणाले, ऐंशी पावलं असेल. मी आता ओरडणारच होते. सगळं उघडं पडलेलं, दोघांनाही सगळं ठाऊक असलेलं, आणि पुन्हा तेच. तेवढ्यात हे म्हणाले, "सोडला ना तीर. चुकला."

इतक्या वर्षांत यांचा तीर पहिल्यांदाच चुकला होता. पलीकडून भाऊजी एवढ्या मोठ्याने हसले की मला ओट्यापाशी ऐकू आलं.