खुर्ची घेऊन फिरणाऱ्या वॉर्डनबाई

समस्त मराठी जनांस गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, सिंगापुरातल्या एका विद्यापीठाच्या वसतिगृहातलं रॅगिंग एका प्लास्टिकच्या खुर्चीने आटोक्यात आणलं. नियमावली, हमीपत्रं आणि भिंतीवरचे फलक यांचा त्यात काडीचाही वाटा नव्हता. मी तिथे ऑफिसात होते. हवी तर साक्ष देईन.

खुर्ची आमच्या वॉर्डनबाईंची. बाई मूळच्या नाशिकच्या. ऑगस्टमध्ये नवी मुलं आली की सीनियर त्यांचे ओळखीचे खेळ घ्यायचे आणि दुसऱ्या दिवसापासून ते खेळ घसरायचे. कुठे हशा वाढला की बाई खुर्ची उचलून तिथे जायच्या आणि नुसत्या बसायच्या. उपदेश नाही, आरडाओरडा नाही. जांभई मात्र खरी. "ओरडलं की मुलं लपून करतात," त्या म्हणायच्या. "कंटाळलेली बाई समोर बसली की त्यांचाच रस जातो."

मग घोळक्यात मधोमध उभ्या केलेल्या पोराला त्या खुर्ची वर नेऊन द्यायला सांगत. पळून गेल्याचा शिक्का न बसता त्याची सुटका व्हायची. एकदा एक मुलगी खुर्ची जिन्यातच ठेवून रडायला लागली. बाई तिच्याशेजारी पायरीवर बसून राहिल्या, रिकाम्या खुर्चीकडे बघत.

खेळांची यादी त्यांच्याकडून मंजूर करून घ्यावी लागे. एका वर्षी तीत एकच बिस्कीट तोंडातून तोंडात देत न्यायचं होतं. खेळाचं नाव 'बॉन्डिंग'. बाईंनी बिस्किटांचा पुडा टेबलावर ठेवला आणि यादी आणणाऱ्या दोघांना आधी करून दाखवायला सांगितलं. दोघांनी बिस्किटाकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि खेळ खोडला. पुडा आम्ही दोघींनी चहाबरोबर संपवला.

पण दर ऑगस्टला त्या थोड्या जास्त दमलेल्या दिसायच्या. "पोरं दर वर्षी बदलतात," एकदा म्हणाल्या, "मूर्खपणाला मात्र इथला पीआर मिळालाय, कायमचा राहायचा परवाना."

गेल्या वर्षी त्या निवृत्त होऊन नाशिकला परतल्या. वसतिगृहात आता काय चालतं, हे विचारायचं मला धाडस होत नाही. इथल्या आम्हा मराठी बायकांच्या हळदीकुंकवात मात्र नव्या मुलीला नाव घ्यायची सक्ती होत नाही, ते बाईंमुळेच.

झालं असं, बाई तेव्हा इथेच होत्या. आमच्या कॉन्डोच्या, म्हणजे सोसायटीच्या, फंक्शन रूममध्ये हळदीकुंकू होतं, माइक बाईंच्या हातात. सिंगापुरात येऊन तीन आठवडे झालेली एक नवी नवरी आली होती. नवरा लांब तुआसला कारखान्यात कामाला, त्याच्याखेरीज तिची इथे कुणाशी ओळख नाही. बाईंनी तिला नाव घ्यायला सांगितलं. मला येत नाही, ती हळूच म्हणाली. आम्ही बायकांनी तिच्याभोवती कडं केलं. सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवत होते. बाईही रंगात आल्या. नाव घेतल्याशिवाय वाण मिळणार नाही म्हणाल्या आणि वाणाचा डबा पाठीमागे लपवला.

मुलगी खाली मान घालून उभी. तिची नजर दाराशी काढलेल्या चपलांकडे गेली. ती आत्ता गेली तर पुन्हा आमच्यात यायची नाही, हे मलाही कळलं, तरी टाळ्या थांबेनात.

बाईंनी एकदा त्या मुलीकडे पाहिलं, एकदा आमच्या कड्याकडे. डबा पुढे करून त्यांनी तिच्या हातात दिला. माइक चालूच होता, त्यामुळे पुढचं सगळ्यांना ऐकू गेलं:

"अगं बाई, मी सीनियर झाले!"