गोडं पाणी कुणी द्यायचं

आमची होडी कल्याणच्या खाडीत असायची आणि तिचं मशीन चामटोलीत, माझ्या पडवीत. चोरांच्या भीतीने दर खेपेला ते रिक्षात घालून घरी आणायचं, गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून चालू करायचं आणि आतलं खारं पाणी काढून टाकायचं. मिठागरात हाडं झिजवलेले आमचे आजोबा सांगायचे, मीठ लोखंडाला सावकाश खातं, पण ठेवत काही नाही. म्हणून आम्हा दोघा भावांचा नियम होता: परतताना होडी वळवायचा मशीनचा दांडा ज्याच्या हातात, गोडं पाणी त्याने द्यायचं.

शेवटच्या खेपेला परतीच्या वाटेतच भांडण झालं. आईला तिच्या आजारपणात कुणी जास्त सांभाळलं, यावरून. तो रागाने दांडा सोडून पुढे जाऊन बसला. उरलेली वाट होडी मी चालवली. धक्क्यावरून तो थेट अंबरनाथला, त्याच्या घरी गेला. मी मशीन पडवीत टेकवलं, वर गोणपाट टाकलं आणि कुलूप लावलं. निम्मी वाट त्याची, निम्मी माझी. मग मीच का धुवायचं? धाकटा आहे, येईल झक मारत, म्हटलं.

दोन वर्षं झाली. तो आला नाही, मी बोलावलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातला मी. बायको त्याआधीच गेलेली, मुलगी सासरी, आता नोकरीही संपली. घरात बोलायला कोणी नाही आणि एकट्याने खाडीत जाण्यात मजा नाही. खरं सांगतो, त्याची फार आठवण यायची, आणि आली की राग अधिकच यायचा.

परवा सकाळी काय वाटलं कोण जाणे, पिंप भरलं. चूक माझी होती, असं मनातल्या मनात म्हणूनही पाहिलं. तोंड कडू झालं. मिठाने सगळं गच्च धरलं असणार, म्हणून हातोडी आणि रॉकेल घेऊनच बसलो. मशीनचं झाकण उघडलं. आत गंजाचा ठिपका नव्हता. सगळीकडे ग्रीसचा हात फिरवलेला, प्लग तेलाच्या फडक्यात गुंडाळलेले. पडवीची दुसरी किल्ली फक्त त्याच्याकडे होती.

मी फोन लावला. "मशीन कधी धुतलंस?"

"दुसऱ्याच दिशी. तू कामावं गेलतास."

"मग सांगायचं नाही?"

"तू धुवाला काढशील तवा कलंल म्हटलं," तो म्हणाला. "दोन वरसं वाट बघतोय, दादा."