पाचवा दोरा

इनास सरांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी नारळाचा एक हीर, म्हणजे खराट्यातली काडी असायची, बरोबर वीतभर लांबीची. वसईच्या कॉलेजात मी गणित शिकवायला लागले, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी तो स्टाफरूमच्या टेबलावर ठेवला. म्हणाले, "मॅडम, ही दोन टोकं. दोन्हींचा रंग एक असता कामा नये. आता हे टेबल रंगवा." मला थट्टा वाटली. त्यांनी हीर उचलून तिरका ठेवला, मग आडवा. "असा पडला तरी. असाही. टेबल केवढंही असू दे, हीर कुठेही पडू दे. किती रंग लागतील?"

प्रश्न खराखुरा होता. सपाट जमिनीचा कणन्‌कण रंगवायचा, पण ठरावीक अंतरावरचे कोणतेही दोन कण एका रंगाचे नकोत. सात रंगांत ते जमतं, तीन रंगांत जमत नाही. चार पुरतात, की पाच, सहा, सात लागतात, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. सरांचा कौल ठरलेला होता. "चार पुरत नाहीत. मला ते मरायच्या आधी डोळ्यांनी बघायचंय."

त्यासाठी ते गिरीजच्या वाडीत सांगाडे बनवत. सारखे हीर जमिनीवर मांडायचे, टोकाला टोक आलं की सुताने गाठ मारायची. सात गाठींचा आणि अकरा हिरांचा एक छोटा सांगाडा तीन रंगांत बसत नाही, हे त्यांनी मला पाच मिनिटांत पटवलं होतं. चार रंगांनाही दाद देणार नाही असा सांगाडा त्यांना हवा होता. घराच्या मागच्या खोलीत असे शेकडो सांगाडे आढ्याला टांगलेले होते. केळीचं पान हलत नसलं तरी त्यातला एखादा सावकाश वळत असायचा. मी त्या खोलीत कधी पाठ करून बसले नाही.

रंगवायचं काम मात्र त्यांच्या बायकोचं, मार्थाबाईंचं. सरांना लाल आणि हिरवा सारखेच दिसायचे. मार्थाबाई पाचूबंदरच्या, जाळी विणण्यात वाढलेल्या, शाळेत न गेलेल्या. सर नवा सांगाडा पुढे टाकत आणि म्हणत, "आज हरतेस." त्या पाटावर बसून लाल, हिरवे, पिवळे, निळे दोरे मांडीवर घेत आणि एकेका गाठीला बांधत जात. शेजारच्या गाठीचा रंग कधी चुकून जुळला नाही. तीस वर्षांत त्या एकदाही हरल्या नव्हत्या.

"कसं कळतं हो तुम्हाला?" मी एकदा विचारलं.

"कलत नाय, बाय," त्या म्हणाल्या. "गाठच सांगते तिला काय पायजे ते. मास्तर लई बोलतात, म्हनून त्यांना आयकू येत नाय."

पुढे मार्थाबाईंना कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत त्या गेल्या. सरांनी त्यांच्यासाठी नुकताच बांधलेला चाळीसेक गाठींचा सांगाडा मागच्या खोलीत तसाच पडून होता. चर्चमध्ये त्यांच्यासाठी झालेल्या महिन्याच्या मिस्सेनंतर मी सरांबरोबर घरी गेले. खोलीचं दार त्यांनी उघडलं आणि मी उंबऱ्यावरच थांबले. सांगाडा रंगवलेला होता. मी गुडघ्यावर बसून एकेक हीर तपासला. लाल आणि हिरवा कुठेही चुकला नव्हता.

"कोणी केलं हे?"

"मी दोरे तिच्या पाटावर ठेवतो," सर म्हणाले. "बाकी मला विचारू नका, मॅडम."

सरांना मूलबाळ नव्हतं. घरात येणारी-जाणारी मी एकटीच होते.

त्यानंतर सर बदलले. सांगाडे भराभर होऊ लागले आणि प्रत्येक सांगाडा आठवड्याभरात रंगून तयार असायचा. सरांची तब्येत सुधारली, दाढी रोज होऊ लागली. शेवटी त्यांनी एक प्रचंड सांगाडा मांडला, भिंतीपासून भिंतीपर्यंत, कित्येक शे गाठींचा. तोही रंगत आला. कौतुकाने बघत असताना माझ्या लक्षात आलं, की मधल्या दोन पिवळ्या गाठी एकमेकींपासून बरोबर वीतभर आहेत आणि त्यांच्यामध्ये हीर नाही. सरांच्या हातून अशी चूक होणं शक्य नव्हतं. सर चहा करायला आत गेले होते. मी कोपऱ्यातला एक हीर उचलून ठेवून पाहिला. तंतोतंत बसला. मी तो बांधून टाकला. मी तेव्हा तिशीतली होते आणि जगाला न सुटलेलं कोडं माझ्या पायांशी पडलं होतं.

पुढच्या आठवड्यात गेले, तर त्या दोन गाठींवरचे पिवळे दोरे सुटून खाली पडलेले होते. त्याच्या पुढच्या आठवड्यात आजूबाजूच्या वीस गाठी मोकळ्या होत्या. मग पन्नास. एखादी बाई विणलेलं पुन:पुन्हा उसवत असावी तसं. सर पाटासमोर बसून होते, दाढी वाढलेली.

"मी तो हीर सोडवते, सर," मी म्हणाले. "माझं चुकलं."

"चुकलं नाही. अंतर तेवढंच होतं, मला दिसत होतं," सर म्हणाले. "ती हरली की यायची नाही, असं मला वाटलं. म्हणून तेवढा एक हीर मी घातला नाही. चाळीस वर्षं पोरांना गणित शिकवलं आणि बायकोला फसवलं. राहू दे तो."

त्यांनी कपाटातून पांढऱ्या सुताची रिळं काढली, एक हातभर दोरा तोडला आणि चार रंगांशेजारी पाटावर ठेवला. "मार्था," ते रिकाम्या पाटाला म्हणाले, "पुरे कर गं. चार नाही पुरत. पाचवा घे."

रविवारी मी गेले तेव्हा सगळा सांगाडा भरलेला होता. शेकडो गाठी चार रंगांच्या, आणि मधोमध एकाच गाठीवर पांढरा दोरा. खोलीत टांगलेलं सगळं निश्चल होतं. यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पाच रंगांत बसला म्हणून चार पुरत नाहीत असं म्हणता येत नाही, प्रत्येक शक्यता तपासावी लागते. मी वही उघडली होती. सरांनी ती माझ्या हातातून अलगद घेऊन मिटली.

"तपासू नका. ती दमलीय," ते म्हणाले. "ते दोरे तेवढे आत नेऊन ठेवा."

मी पाटावरचे दोरे गोळा केले. ते हाताला किंचित ओलसर लागले, आत्ताच कोणी बोटांत धरून ठेवल्यासारखे. मी ते कपाटात ठेवून दार लावलं. आठ दिवसांनी सर गेले.