खिळ्यावरच्या दोऱ्या

मावशींना वस्तीतल्या प्रत्येक पुरुषाच्या सदऱ्याचं माप इंचात पाठ होतं. पण स्वतःच्या कमरेचं विचारलं असतं, तर त्यांनी कानांवर हात ठेवले असते. प्रार्थनाघराचा नियमच तसा. बाईचं माप बोलायचं नाही, लिहायचं नाही, आकड्यांची टेप तिच्या अंगाला लावायची नाही. का, तर आकडा कोणीतरी वाचणार, वाचला की त्याच्या मनात बाई उभी राहणार. आणि बाई तर मानेपासून टाचेपर्यंत झग्यात हवी. 'बत्तीस' हा शब्द तिथे दातांपुरताच उरला होता.

म्हणून मावशी दोरीनं माप घेत. एका टोकापासून पहिली गाठ गळ्याची, दुसरी कमरेची, तिसरी छातीची. माप घेताना खिडकीला पडदा, नजर जमिनीवर. मग दोरी शिवणखोलीच्या भिंतीवर, खिळ्याला. नाव नाही, खूण नाही. कोणती कोणाची ते मावशींनाच ठाऊक. सासूकडून मशीन हाती आल्यापासून बावीस वर्षांत भिंत भरून गेली. वस्तीतल्या निम्म्या नवऱ्यांना बायकोच्या अंगाचा अंदाज नव्हता, कारण संसार सगळा दिवा मालवून चाललेला. अंदाज असला तर त्या भिंतीला. दाटीवाटीनं लटकणाऱ्या दोनशे दोऱ्या. वारा नसताना मधलीच एखादी हलायची, शेजारणीचं कोपर लागल्यासारखी. मावशी म्हणायच्या, "गप उभ्या राहा गं बायांनो," आणि मशीन जरा जोरात चालवायच्या.

पाववाल्याच्या धाकटीचं लग्न ठरलं, तेही मोठ्या बाईंच्या मुलाशी. मोठ्या बाई म्हणजे प्रार्थनाघरात बायकांच्या बाजूच्या प्रमुख. कोणाचं मनगट दोन बोटं उघडं राहिलं तरी त्यांना तीन रांगा मागून दिसायचं. मुलगी दुसऱ्यांदा माप द्यायला आली. मावशींनी दोरी कमरेला गुंडाळली, तर गाठ टोकाला भेटेना. दोन बोटं कमी.

"घरचे पाव जास्त झालेले दिसतात!" मावशी म्हणाल्या.

मुलगी हसली नाही. "मावशी, त्याचंच आहे. ज्याच्याशी लग्न आहे ना, त्याचंच."

मावशींनी तिच्या तोंडावर हात ठेवला. मागच्या साली अशाच एकीचं लग्न मोडलं होतं. तिला मागच्या दारानं दूरच्या आत्याकडे पाठवलं म्हणतात. ती आत्या कोणाचीच नव्हती, आणि पोर पुन्हा कोणाला दिसली नव्हती.

"गाठ जुन्याच जागी राहील," मावशी म्हणाल्या. "कपडा मी सैल बेतते. तू फक्त पोट आत घेऊन चाल."

लग्नाच्या आठ दिवस आधी नवरीची दोरी सासूच्या हाती जायची रीत होती. सासू ती लग्नाच्या झग्याला लावून बघायची, कुठे अंगाला चिकटत तर नाही ना! बोटांनी गाठी चाचपायची. म्हणजे सगळा जीव त्या एका गाठीत अडकलेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून मावशी खोलीत आल्या, तर मुलीच्या दोरीवरची कमरेची गाठ खाली सरकलेली. दोन बोटं.

"माझंच चुकलं असेल," असं म्हणत त्यांनी गाठ सोडून पुन्हा वर बांधली. चहा होईतो ती परत खाली. मावशींनी दोरी रिळांच्या डब्यात कोंबली, डब्यावर इस्त्री ठेवली. सकाळी डबा जसाच्या तसा, इस्त्री जागच्या जागी, आणि गाठ चार बोटं सरकलेली. शेवटी त्यांनी नवीन रिळातून दोरी कापली, जुन्या जागी गाठ मारली, ती खिळ्याला टांगली आणि जुनी चुलीत टाकली. तासाभरात नव्या दोरीची कमर छातीच्या गाठीला खांदा लावून उभी.

त्याच दुपारी मोठ्या बाई दोरी न्यायला आल्या.

"दोरी?"

"अहो बाई, काय सांगू, उंदरानं..."

"भिंतीवर चढून?"

त्या सरळ भिंतीपाशी गेल्या. दोनशेतून त्यांनी एकच उचलली. कोणी दाखवली नव्हती. हीच ती, हे त्यांना कळायचं काही कारणच नव्हतं. डोळे मिटून त्या बोटं फिरवू लागल्या. गळा. पुढे. बोटं थांबली.

"ही इथे कशी आली?" बाईंचा आवाज अगदी बारीक झाला.

"पाववाल्याच्या मुलीची..."

"माझी आहे ही."

"अहो, आज सकाळी रिळातून कापली मी!"

"सत्तावीस वर्षांपूर्वी तुझ्या सासूनं घेतलेलं माप आहे हे. माझ्या सासूकडे खोट्या गाठीची दुसरी दोरी गेली; ही खरी मी लग्नाआधी महिनाभर उशीखाली ठेवून रोज चाचपायचे. या बोटांना विसर पडेल का? लग्नानंतर चुलीत घातली. जळून राख झालेली मी पाहिली आहे."

भिंतीवरची एकही दोरी हलत नव्हती. मावशींना वाटलं, सगळ्या ऐकताहेत.

"मग काय केलं हो तुम्ही?"

"मी काय करणार! तुझ्या सासूनं झग्याचा घेर वाढवला आणि तोंडाला कुलूप लावलं. मुलगा सातव्या महिन्यातच झाला असं मी सांगितलं. चांगला साडेतीन किलोचा. पण सगळ्यांनी माना डोलावल्या. तोच हा नवरदेव." बाईंनी डोळे पुसले. "पोर घाबरली असेल ना गं?"

"जेवत नाही."

"शिवणीत आत भरपूर माया सोड. कोणी विचारलं, तर मोठ्या बाईंना सैलच आवडतं म्हणावं."

दोरी परत टांगायला त्यांनी हात वर केला आणि हात तसाच राहिला. खिळा रिकामा नव्हता. त्यावर पाववाल्याच्या मुलीची दोरी लटकत होती. कमरेची गाठ मावशींनी बांधलेल्या जागी, तसूभरही सरकलेली नाही.

दोघींनी ती पाहिली. मोठ्या बाईंनी हातातली दोरी झग्याच्या बाहीत सरकवली. मावशींनी कापड पसरलं आणि खडूनं कमरेशी रेघ ओढली, चांगली ऐसपैस.